सख्खे सर

कृत्रिम पाय बनवायच्या त्या कार्यशाळेत एक नियम होता. तो भिंतीवर कुठे लिहिलेला नव्हता, तरी कुणी मोडत नव्हतं: दाराच्या आत नातं नाही.

नियम सरांचा. सर म्हणजे कार्यशाळेचे प्रमुख, हॉस्पिटलच्या तळमजल्यावर प्लास्टरच्या धुळीत आयुष्य काढलेला, नाकासमोर चालणारा माणूस. तरुणपणी ते ज्यांच्या हाताखाली शिकले, त्या कारागिराने स्वतःच्या मुलालाच कामाला घेतलं होतं. त्या मुलाने केलेलं एक सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी, आतून खडबडीत राहिलं. बापाला ते दिसलं होतं. पण चारचौघांत पोराला कसं बोलायचं, म्हणून तो गप्प बसला. पेशंटच्या पायाला झालेली जखम कितीतरी महिने भरली नाही. सरांनी तेव्हाच कानाला खडा लावला. पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीची शाळकरी मुलगी "मला पण तुमचं काम बघायचंय" म्हणून मागेच लागली, तेव्हा त्यांनी तिला दारातच थांबवून बजावलं, की आत मामा वगैरे कुणी नाही, आत सर. जमणार असेल तर ये.

तिला जमलं. इतकं जमलं की बाहेर आल्यावर जीभ परत वळवायचा तिला कंटाळा यायला लागला, आणि मामा घरातही सरच झाले. आई सुरुवातीला हसायची, मग चिडायची, मग तिनेही नाद सोडला. सर एकटे राहत आणि दर रविवारी बहिणीकडे जेवायला येत. आई "दादा, अजून घे" म्हणायची, मुलगी "सर, पाणी देऊ?" म्हणायची, आणि एखाद्या नवख्या पाहुण्याला वाटायचं, या घरात शिकवणीच्या मास्तरांना जेवायला ठेवलंय.

विज्ञानाची पदवी झाल्यावर ती रीतसर अर्ज करून, बाकीच्यांसारखी परीक्षा देऊन कार्यशाळेत मदतनीस म्हणून लागली. गळ्यात कायम मोजायची टेप असायची म्हणून सगळे तिला टेपच म्हणत. सर तिला इतरांइतकंच बोलत, खरं तर चिमूटभर जास्तच. नडगीच्या हाडाची पुढची धार साच्यावर नीट उठली नाही, तर सगळ्यांसमोर साचा तिच्या पुढ्यात ठेवून ते विचारत, "हा पाय तुला घालून चालायचा असता तर?" आणि ती मुकाट्याने पेशंटला परत बोलवून नव्याने प्लास्टर गुंडाळायला बसे. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून "बरं झालंय" हे शब्द तिने मोजक्याच वेळा ऐकले होते, कुणी विचारलं तर ते तिला प्रसंगासकट सांगता आले असते.

त्यामुळे मेडिकल कॉलेजच्या अर्जासाठी शिफारसपत्र लागेल, असं तिने घाबरत घाबरत सांगितल्यावर सर "देतो" म्हणाले, यातच तिला अर्धी सीट मिळाल्यासारखं वाटलं. त्या कॉलेजात नुसत्या गुणांवर प्रवेश नव्हता. अर्ज बघून निवडक मुलांना मुलाखतीला बोलवत, आणि अर्जासोबत दोन पत्रं लागत, एक शिकवणाऱ्याचं आणि एक जिथे काम केलं तिथल्या वरिष्ठाचं. पत्र लिहिणारा ते थेट कॉलेजला पाठवी, अर्ज करणाऱ्याला ते दिसतही नसे. सरांनी दोन संध्याकाळी खोलीचं दार लावून घेतलं आणि पाठवल्यावर "गेलं" एवढंच सांगितलं.

अर्ज तिने डोळ्यांत तेल घालून भरला. गुण, तारखा, पत्ता, सगळं मापं तपासतात तसं वरून खाली आणि मग खालून वर तपासलं. मग पाठवायचं बटण दाबलं. अर्ज कुलूपबंद झाला, आता तो फक्त वाचता येत होता. दुसऱ्या दिवशी तिने कार्यशाळेत सगळ्यांना चहा पाजला.

चूक सापडली ती रविवारी, जेवताना.

आई वाढत होती. बाबा बातम्यांमध्ये अर्धे गुंतलेले. सर नेहमीप्रमाणे मान खाली घालून जेवत होते. आई खुशीत होती आणि खुशीत असली की ती भावाची फिरकी घेत असे. ती म्हणाली, "काय रे दादा, चार चांगले शब्द लिहिलेस ना? का तिथेही तिला रागावून आलास? मामाने भाचीचं कौतुक करायचं नाही तर कुणी करायचं?"

मुलीचा हात ताटावर थांबला. तिने वर बघितलं. सरही वर बघत होते.

दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच चौकट आली होती, फक्त वेगवेगळ्या पानांवर. तिच्या अर्जात वाक्य होतं: शिफारस करणारी व्यक्ती माझी नातेवाईक नाही. त्यापुढे तिने खूण केली होती. क्षणभरही न थांबता केली होती, जसं आपण स्वतःच्या वयासमोर थांबत नाही. सरांना पत्रासोबत भराव्या लागलेल्या पानावर प्रश्न होता, उमेदवाराला कोणत्या नात्याने ओळखता, आणि त्यांनी लिहिलं होतं: माझ्या कार्यशाळेतली मदतनीस.

"काय झालं? मीठ जास्त पडलं का?" आईने विचारलं.

तिने सांगितलं. आईला आधी हसू आलं, कारण गोष्ट होतीच हसण्यासारखी: सख्खा मामा, आणि मामा-भाची दोघंही तेच विसरले. पण मुलीने फोनवर अर्ज उघडून शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला, तेव्हा आईचं हसू मावळलं. कोणतीही माहिती खोटी आढळल्यास अर्ज रद्द, आणि दिलेला प्रवेशही कधीही रद्द. दुसरीकडे, नातेवाईकाचं पत्र ग्राह्य नाही. म्हणजे खरं सांगितलं तर सरांचं पत्र बाद, आणि पत्राशिवाय अर्ज अपुरा. मुदत संपायला अजून थोडे दिवस होते, पण अर्ज तर कुलूपबंद होता.

बाबांनी टीव्ही बंद केला. बाबा विमा कंपनीत दावे तपासायचं काम करत आणि कागदावर काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. ते शांतपणे म्हणाले, "आडनावं वेगळी आहेत. तू त्यांना सर म्हणतेस, सगळं हॉस्पिटल तुला टेप म्हणतं. हे कळणार कुणाला? चूक आहे, पण ती दिसणारी चूक नाही. उगाच आपल्या हाताने खणून वर कशाला काढायची?"

आईने मान हलवली, म्हणजे तिलाही ते पटण्यासारखं वाटत होतं.

सरांनी ताटाच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "मी त्यात एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. मामा म्हणून लिहिलंच नाही मी. ती माझी कुणी नसती तरी तेच लिहिलं असतं."

"मला माहीत आहे, सर," ती म्हणाली. "पत्र खरंच आहे. माझी खूण खोटी आहे."

उद्या कॉलेजला तसं कळवते, असंही तिने सांगून टाकलं. सरांनी जेवण पुरं केलं, हात धुतले, आणि नेहमी थोडा वेळ टेकत, तसे न टेकता निघून गेले. आई दारापर्यंत गेली आणि परत येऊन लेकीवरच उखडली, की त्या माणसाने जन्मात कुणाबद्दल चार ओळी चांगल्या लिहिल्या नव्हत्या, त्या लिहिल्या तर तू त्या परत करायला निघालीस. वाचल्यास तरी का गं त्या?

वाचल्या नव्हत्या. आता कधी वाचायला मिळणारही नव्हत्या. हा विचार मुलीच्या मनात आईच्या आधी येऊन गेला होता, आणि तिने तो बाजूला सारून ठेवला होता, कारण त्याच्याकडे बघत बसलं असतं तर पुढचं काही हातून झालं नसतं.

सकाळी तिने कॉलेजच्या प्रवेश कार्यालयात फोन लावला. पलीकडचा कारकून सभ्य होता, पण रोज हजार माणसांना तेच सांगून त्याचा आवाज सपाट झाला होता. अर्जात बदल होत नाही, तो म्हणाला. फोन नंबर चुकलाय का? नाही? मग? तिने काय चुकलंय ते सांगितलं. मग त्याने जरा वेगळ्या आवाजात विचारलं, "तुम्ही स्वतःहून सांगताय? कुणी तक्रार केलीय का?"

कुणी केली नव्हती. त्याने सांगितलं ते असं: झालेली चूक लिहून निवेदन पाठवा. मुदतीच्या आत दुसऱ्या वरिष्ठाचं पत्र आलं तर तेही फायलीला लागेल. पण निवेदनही फायलीतच राहील, काढलं जाणार नाही, समितीतले सगळे ते वाचतील. आणि दुसरं पत्र ज्यांनी तुमचं काम प्रत्यक्ष पाहिलंय अशांचंच हवं, ओळखीपाळखीचं नको.

कार्यशाळेत सरांशिवाय तिच्या वरचं कुणी नव्हतं. पण नवा पाय तयार झाला की तो पेशंटला घालून चालवून बघत ते समोरच्या खोलीत, दोन समांतर दांड्यांच्या मधे, आणि तिथे सत्ता फिजिओथेरपिस्टची होती. तिथे टेपसुद्धा फिजिओबाईंच्या हुकमाखाली. त्यांचं पत्र चाललं असतं. अडचण एवढीच होती, की फिजिओबाई आणि टेप यांचं एकमेकींशी धड बोलणं बंद होऊन बरेच दिवस झाले होते.

कारण साधं होतं. एक पेशंट, नव्या पायावर उभा राहिलेला, दांड्या सोडून चार पावलं टाकायला निघालेला. बाईंनी त्याच्यावर कितीतरी आठवडे मेहनत घेतलेली. आणि टेपने गुडघ्याखाली लाल झालेला भाग बघून पाय उतरवायला लावला आणि वाटी घासायला परत नेली. बाईंचं म्हणणं, एवढं लाल होतंच, माणसाचा धीर खचतो त्याचं काय? टेपचं म्हणणं, आज लाल आहे, उद्या फुटेल. दोघींचंही काही अगदी चूक नव्हतं. पण पेशंटसमोर झालं, आणि ते बाईंना झोंबलं.

ती दुपारी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. आत कुणी नव्हतं, बाई दांड्यांवरून ओलं फडकं फिरवत होत्या. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कुणाचा पाय परत न्यायला आलीस?"

"पाय नाही. पत्र मागायला आलेय."

तिने सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. सर तिचे मामा आहेत हे ऐकून बाईंचं फडकं हातातच राहिलं. हॉस्पिटलात इतकी वर्षं काढूनही ही गोष्ट त्यांच्या कानावर आली नव्हती. मग त्या स्टुलावर बसल्या आणि खूप हसल्या, पण ते हसू वाईट नव्हतं.

"आणि तुला वाटलं, मी तुझ्याबद्दल गोड गोड लिहीन?"

"गोड नको. तुम्ही जे बघितलंय ते लिहा."

"जे बघितलंय ते सगळं?"

"सगळं."

"म्हणजे मी हेही लिहीन, की ही मुलगी माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या गुडघ्याकडे बघते. तो बिचारा दांड्यांमध्ये रडवेला झाला होता, तुला दिसलंसुद्धा नाही."

टेपच्या गालांना चटका बसल्यासारखं झालं. ते खरं होतं. त्या माणसाचा गुडघा तिला अजून लख्ख आठवत होता, कुठे लाल होता, केवढा लाल होता. चेहरा आठवत नव्हता. ती हलकेच म्हणाली, "लिहा."

बाईंनी फडकं दांडीवर टाकलं. मग म्हणाल्या, की पुढचे दोन दिवस पेशंट चालवताना तू इथे थांबायचं. टेप गळ्यातून काढून. नुसतं माझ्याबरोबर उभं राहायचं. मग मी काय लिहायचं ते ठरवीन.

त्यासाठी सरांची परवानगी लागणार होती. सर रंधा घेऊन प्लास्टरचा साचा घासत होते. रविवारपासून ते तिच्याशी कामापुरतंच बोलत होते, म्हणजे तसे नेहमीसारखेच, पण त्यात एक कोरडेपणा होता जो फक्त तिलाच कळला असता. तिने विचारल्यावर त्यांनी हात न थांबवता विचारलं, की तिचं काम कोण करणार. ती म्हणाली, जेवणाच्या सुट्टीत आणि सुट्टी झाल्यावर करीन. त्यांनी साच्यावरची धूळ फुंकली.

"त्या बाईंना कोण समजावणार, तू काय काम करतेस ते," ते म्हणाले. "दोन दिवसांत काय कळणार त्यांना? मला तुला घडवायला इतकी वर्षं लागली."

त्यांना रागापेक्षा वाईट जास्त वाटत होतं, हे तिला तेव्हा समजलं. तिच्या ओठांवर "मामा" आलं, पण ती दाराच्या आत होती आणि समोर दुसरे दोन कारागीर होते. शिवाय आत्ता मामा म्हणून त्यांना विरघळवणं म्हणजे त्यांच्या नियमाचा अपमान झाला असता. ती म्हणाली, "सर, तुम्ही घडवलंय ते दोन दिवसांत दिसत नसेल, तर मग घडवण्यात काहीतरी राहिलंय."

एक कारागीर खोकला. सरांनी रंधा खाली ठेवला, तिला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि म्हणाले, "जा."

दोन दिवस ती दांड्यांच्या शेजारी उभी राहिली. गळ्याला हलकं हलकं वाटत होतं, हात सारखा टेप चाचपायला जात होता. एक म्हातारी आली, ती चालता चालता बाईंना शिव्या घालत होती. बाई त्या शिव्या अगदी मन लावून ऐकत होत्या, आणि शिव्या थांबल्या की पेशंटला बसायला सांगत होत्या. टेपला पहिल्या दिवशी हे कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं. बाई म्हणाल्या, "दम लागला की तिचा आवाज जातो. तुझं ते लाल दिसायच्या आधी मला इथे, कानाला कळतं." त्यानंतर आलेल्या तरुण पेशंटच्या वेळी टेपनेच आधी हात पुढे केला आणि त्याला बसवलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते. पायाकडे तिने नंतर बघितलं.

घरी निवेदन लिहायला ती बसली, तेव्हा आई-बाबा दोघंही डोक्याशी येऊन उभे राहिले. पहिल्या मसुद्यात तिने कार्यशाळेचा नियम, तो कारागीर, त्याचा मुलगा, सगळं घातलं होतं. वाचून बघितल्यावर तिचं तिलाच वाटलं, ही माफी नसून वकिली आहे. तिने ते काढलं. बाबा म्हणाले, "नजरचुकीने" हा शब्द घाल, तो सगळीकडे चालतो. ती म्हणाली, नजर चुकली नव्हती, वाक्य मी नीट वाचलं होतं. आई म्हणाली, "गैरसमजातून" घाल. समजही गैर नव्हता. शेवटी उरल्या त्या थोड्याच ओळी: शिफारस करणारे माझ्या आईचे सख्खे भाऊ आहेत. मी त्यांना लहानपणापासून कामाच्या ठिकाणी सर म्हणते आणि खूण करतानाही सर म्हणूनच विचार केला. ते माझे मामा आहेत हे मला माहीत होतं, त्यामुळे ही चूक माझी आहे. त्यांचं पत्र विचारात घेऊ नये.

"अगदीच कोरडं झालं गं," आई म्हणाली.

"तुझ्याच भावाची शिकवण," बाबा म्हणाले, आणि आईने त्यांच्याकडे असं बघितलं की ते पाणी प्यायला उठले.

बाईंचं पत्र मुदतीच्या आदल्या दिवशी गेलं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, की गुडघ्याचं लिहिलंय आणि ओठांचंही लिहिलंय.

दोन दिवसांनी कारकुनाचा फोन आला. सगळं मिळालं होतं. पण त्याला एक विचारायचं होतं, आणि हे त्याच्या कामात बसत नव्हतं हे त्याच्या अडखळण्यावरून कळत होतं. अर्ज मागे घेऊन पुढच्या वर्षी नव्याने भरायची सोय होती. तेव्हा फाईल नवी, निवेदन नाही, काही नाही. आत्ता पुढे गेलात तर समिती सगळ्यात आधी तेच वाचेल. तो म्हणाला, बहुतेक मुलं अशा वेळी मागे घेतात. आज विचार करा, उद्या सांगा.

ती कार्यशाळेच्या खिडकीशी, बाहेरच्या बाजूला उभी होती. आत सर कुणाच्या तरी पायावर जांभळ्या पेन्सिलीने हाडांच्या खुणा करत होते. मधेच त्यांनी मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं, फोन कुठून आलाय हे त्यांनी ओळखलं असावं. तिने पाठ फिरवली नाही.

"विचार झालाय," ती फोनवर म्हणाली. "पुढे जाऊ द्या."

मुलाखतीचं बोलावणं आलं. आल्यावर घरात जो गोंधळ झाला तो झाला, पण बोलावणं म्हणजे प्रवेश नाही, हे ती सगळ्यांना आणि स्वतःलाही बजावत राहिली.

मुलाखतीची खोली लहान होती. टेबलापलीकडे तिघं. मधल्या वयस्क डॉक्टरबाईंच्या पुढ्यात फाईल उघडी होती आणि सगळ्यात वर तिच्याच त्या थोड्या ओळी होत्या. पलीकडून वाचता येत नव्हतं, पण कागद तिने ओळखला. डॉक्टरबाईंनी गुण विचारले नाहीत, डॉक्टर का व्हायचंय तेही विचारलं नाही. चष्मा काढून त्या म्हणाल्या, "तुम्हाला अर्ज मागे घ्यायची संधी दिली होती. पुढच्या वर्षी कोरी फाईल घेऊन येता आलं असतं. का नाही आलात?"

तिने बरीच उत्तरं तयार करून आणली होती. त्यातलं एकही कामाला आलं नाही.

"पुढच्या वर्षीही ते माझे मामाच असते," ती म्हणाली. "आणि जे झालं ते लपवायला मी एक वर्ष घालवलं असतं."

उजवीकडचा डॉक्टर हसला. डावीकडचा हसला नाही. त्याने पान उलटलं, फिजिओबाईंचं पत्र वर आलं, त्यातल्या कुठल्यातरी ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"इथे लिहिलंय, तुम्ही माणसाआधी गुडघा बघता."

"बघायचे," ती म्हणाली. "आता दोन्ही बघायला शिकतेय. अजून कधी कधी गुडघाच आधी दिसतो."

"मग मला सांगा," तो खुर्ची पुढे ओढत म्हणाला, "माझ्यासमोर एक पेशंट आहे, पाय उत्तम बसलाय, कुठे लाल नाही, दुखत नाही, आणि तरी तो उभा राहायला तयार नाही. काय कराल?"

उत्तर द्यायच्या आधी तिने विचारलं, "त्याच्याबरोबर कोण आलंय?"

मधल्या डॉक्टरबाईंनी फाईल मिटली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवून त्या ऐकायला लागल्या.